प्रवाळं केव्हा घातली

तुमच्या बाबानं घाईनं प्रवाळं टाकीत घातली आणि म्हणून ती मेली, असं तुम्ही दोघं समजता. ती मेल्यानंतरच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्यानं स्वतःच तुमच्यासमोर तसं कबूल केलं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत होते. मांडीवर वही होती. खरं काय ते वहीत लिहिलेलं होतं, आणि मी काही बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून आता सगळं क्रमानं लिहिते.

मी इथे सौदीत, खोबरला आले तेव्हा तुम्हाला आईबरोबर कॅनडाला जाऊन आठ महिने झाले होते. घर तुम्ही सोडलंत तसंच होतं. तुमच्या खोलीत दोन पलंग, त्यांवर ताणून घातलेल्या चादरी, दाराच्या चौकटीवर तुमच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा. बाबा बँकेतून साडेपाचला यायचा, बूट काढायचा आणि सोफ्यावर बसायचा. टीव्ही लावायचा, पण आवाज बंद ठेवून. वाढलं की जेवायचा. भाजी कशी झालीय विचारलं तर "चांगली." एक दिवस मी मुद्दाम मीठ घातलं नाही. "चांगली झालीय," म्हणाला.

मीही फार बोलणारी नाही. बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तिथे गप्प बसण्याचाच पगार मिळतो. तुमचे आजोबा गेल्यापासून साताऱ्याच्या घरातही माझ्याशी बोलायला रेडिओच होता. त्यामुळे आम्हा दोघांना एकमेकांचं न बोलणं जड गेलं नाही. तेव्हा काहीच जड जात नव्हतं. सकाळ व्हायची, खिडकीबाहेर पांढरं ऊन दिसायचं, एसी चालू असायचा, मग संध्याकाळ व्हायची.

टाकीचं हे तुमच्यामुळेच निघालं. एका शनिवारी धाकट्यानं विचारलं, "माझ्या खोलीत आता काय आहे?"

"काही नाही," बाबा म्हणाला. मग ते उत्तर त्याचं त्यालाच बरं वाटलं नसावं. "टाकी आणतोय," म्हणाला. "समुद्राच्या पाण्याची. आत जिवंत प्रवाळं लावणार आहे."

थोरली पडद्यावर पुढे सरकली. "तू लगेच सगळं आत टाकशील. आणि सगळं मरेल."

ती कशाबद्दल बोलते आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्याच्या पाचव्या वाढदिवसाला बाबानं काचेचं भांडं आणि सहा गोल्डफिश एकाच संध्याकाळी आणले, भांडं भरलं, मासे सोडले, टाळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सहाही उताणे. तेव्हापासून तुमच्या घरात ते वाक्य रूढ झालं: बाबाला थांबता येत नाही. नवी गाडी घेतली तेव्हाही तेच, सोफ्याचा रंग ठरवला तेव्हाही तेच. तुमच्या आईच्या तोंडी ते वाक्य आणखी काही गोष्टींबद्दलही यायचं. त्या मी लिहिण्याच्या नाहीत.

"या वेळी थांबेन," बाबा म्हणाला.

"किती?"

"तू सांग."

थोरलीनं आठवडाभर वाचलं आणि पुढच्या शनिवारी नियम सांगितला. पाण्यात अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, दोन्ही सलग एकवीस दिवस. एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. तोवर प्रवाळ आणायचं नाही.

"आणि टेस्ट आजी करणार. तू नाही."

"मी का नाही?"

"आजी खोटं लिहीत नाही."

बाबानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं." मी दुसऱ्याच दिवशी निळ्या पुठ्ठ्याची वही आणली आणि रकाने आखले. दिवस, वेळ, तापमान, क्षार, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, शेरा. आठ रकाने. मला वाटलं, झाले सगळे.

कतीफकडे जाणाऱ्या रस्त्यावर माशांचं दुकान आहे, तिथून टाकी घेतली. दुकान एका सौदी माणसाचं आहे, पण चालवतो रायगडच्या किनाऱ्यावरचा आपला एक माणूस. वीस वर्षं झाली त्याला इथे. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून तो गल्ला सोडून पुढे आला.

"मावशी, कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याच्या."

"म्हणजे घाटावरच्या. मग समुद्र कशाला पाळताय?"

"नातवंडांना हवाय," मी म्हणाले.

"कुठे असतात?"

"कॅनडात."

त्यानं मान डोलावली. "माझी तीन गावाला आहेत. फोनवर दाखवतो त्यांना मासे. धाकटा प्रत्येक माशाला एकच विचारतो, अब्बा, हा खायचा का?"

बाबा तोवर प्रवाळांच्या टाकीसमोर जाऊन उभा राहिला होता. निळ्या दिव्याखाली बोटांएवढे लुसलुशीत जीव पाण्याबरोबर हलत होते. त्यानं किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "साहेब, आज मागितलंत तर विकेन, माझा कफील, दुकानाचा मालक, खूश होईल. पण पंधरा दिवसांनी तुम्हीच येऊन माझ्याशी भांडाल. आज टाकी न्या, वाळू न्या, दगड न्या, मीठ न्या. पाणी भरा. ते पाणी आत्ता नुसतं खारट असेल. त्याचा समुद्र व्हायला वेळ लागतो."

मग त्यानं मला समजावून सांगितलं, कारण वही माझ्या हातात होती. दगडाच्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्तीला येतात. पाण्यात माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची, ती कुजते, अमोनिया होतो. एका जातीचे जंतू तो खातात आणि त्याचा नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे येऊन नायट्राइट खातात. दोन्ही वस्त्या बसल्या की दोन्ही आकडे शून्यावर येतात आणि तिथेच राहतात. जंतूंना कुणी बोलावून आणू शकत नाही, ते त्यांच्या वेळेनं येतात.

"आधी पाणी, मग गोगलगाय, मग मासा, सगळ्यात शेवटी कोरल," तो म्हणाला. "तुमच्यात पान वाढतात ना, मीठ, लिंबू, चटणी, तसं. क्रम मोडला की पान उष्टं."

हा माणूस मला समजत होता. मी घरी येऊन शेऱ्याच्या रकान्यात त्याचा क्रम लिहिला.

पहिला दिवस शनिवार. नवव्या दिवशी अमोनियाची नळी गडद हिरवी झाली. सोळाव्या दिवशी नायट्राइटची नळी जांभळी. रोज सकाळी नऊ वाजता मी पाणी काढायचे, थेंब मोजायचे, नळी हलवायचे, पाच मिनिटं घड्याळ बघायचे आणि रंग पुठ्ठ्यावरच्या रंगांशी ताडून बघायचे. बाबा ऑफिसातून एक मेसेज करायचा: "किती?" मी आकडा पाठवायचे. दिवसभरात आमचं तेवढं बोलणं झालेलं असायचं.

बाराव्या दिवशी पाणी शुद्ध करायचं यंत्र स्वयंपाकघरात बसवलं. टाकीतलं पाणी रोज उडतं. इथली हवा कोरडी आणि एसी अखंड चालू, त्यामुळे दिवसाला दोन-तीन लिटर कमी व्हायचं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून वरून भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. बाबानं त्यासाठी प्लास्टिकची लाल बादली आणली आणि ती ठेवायला जागा नाही म्हणून बाथरूममध्ये ठेवली.

मला ते बघवेना. जिवंत प्राण्यांच्या तोंडी जाणारं पाणी बाथरूममधल्या बादलीतून घालायचं? मी त्याला काही बोलले नाही. बादली कपड्यांना घेतली. माझी तांब्याची कळशी मी साताऱ्याहून सामानात घालून आणलेली होती. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून करते. सासूबाई करायच्या, म्हणून मी. यंत्राचं पाणी मी संध्याकाळी त्या कळशीत भरून, वर ताटली झाकून ठेवू लागले. सकाळी आंघोळ झाली की एक तांब्या माझा, एक बाबाचा आणि उरलेलं टाकीचं. गुरुवारी चिंच आणि मीठ लावून कळशी घासायचे, लखलखीत व्हायची.

हे मी वहीत लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता. वरचं पाणी घातलं एवढाच शेरा असे, कशातून घातलं हे लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

चौतिसाव्या दिवशी दोन्ही आकडे पहिल्यांदा शून्य आले. बाबानं तुम्हाला मेसेज केला, थोरलीनं उलट "1" एवढंच पाठवलं. छत्तिसाव्या दिवशी दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे चार गोगलगायी आणल्या. काचेवरचं तपकिरी शेवाळ त्या खात खात सरकायच्या, मागे स्वच्छ पट्टा उरायचा.

एकेचाळिसाव्या दिवशीचं सांगते. गुरुवार होता. नायट्राइटच्या नळीत किंचित रंग दिसला. अगदी किंचित, जांभळा म्हणता येईल न येईल असा. आठवा दिवस होता मोजणीचा. मी नळी तशीच ठेवली, बाबा संध्याकाळी आल्यावर त्याला दाखवली.

"शून्यच आहे की हा," तो म्हणाला.

"मला नाही वाटत."

त्यानं नळी खिडकीशी नेली, मग दिव्याखाली धरली. "उजेडाचा फरक आहे, आई."

"असेल."

त्यानं नळी खाली ठेवली. मग वही उचलली, पेन माझ्यापुढे धरलं. "लिही तुला दिसतंय ते. उद्यापासून पुन्हा एक."

मी लिहिलं. त्यानं त्या शनिवारी तुम्हाला सांगितलं की मोजणी पुन्हा सुरू झाली. तुम्हाला कदाचित आठवत नसेल. धाकटा तेव्हा बर्फाचे बूट दाखवत होता.

पन्नासाव्या दिवशी दोन केशरी मासे आणले, पांढऱ्या पट्ट्यांचे. ते अजून जिवंत आहेत, दुकानात आहेत. पंचावन्नाव्या दिवशी एक गोगलगाय वाळूवर पडलेली दिसली, उचलली तर शंख रिकामा लागला. साठाव्या दिवशी दुसरी. दोन्हींची नोंद आहे: गोगलगाय एक, हालचाल नाही. बाबानं दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, कधी कधी नवीन जागेत टिकत नाहीत, आकडे ठीक आहेत ना? आकडे ठीक होते.

बासष्टाव्या दिवशी एकवीस पूर्ण झाले. तो गुरुवार होता. त्या संध्याकाळी त्याला दुकानात जाता आलं असतं, दुकान उघडं होतं. तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, त्रेसष्टाव्या, आम्हाला बहरीनच्या पुलावर जायचं होतं. मी व्हिजिट व्हिसावर आहे, त्यामुळे ठरावीक दिवसांनी देशाबाहेर पाऊल टाकून परत यावं लागतं. समुद्रावरून जाणारा लांबच लांब पूल, मधोमध पासपोर्टवर शिक्के मारायच्या खिडक्या, त्यांच्यापुढे शुक्रवारची रांग. दोन्ही बाजूंना सपाट पाणी होतं, लाट अशी नाही. गाडी दहा हात पुढे जायची आणि थांबायची.

"एकवीस काल झाले. काल रात्रीच आणायची घाई नाही झाली तुला?" मी गमतीनं म्हटलं.

"नाही."

"का?"

तो समोरच्या गाडीच्या दिव्यांकडे बघत होता. "आणखी आठवडा थांबू का, आई?"

"तिचा नियम पाळून झाला की."

"पाळून झाला." गाडी दहा हात पुढे गेली. "मग प्रवाळं घातल्यावर शनिवारी त्यांना काय सांगायचं? आत्ता निदान आकडा असतो."

मी डब्यातली पोळी त्याच्या हातात दिली आणि त्यानं खाल्ली. खिडकीतल्या माणसानं शिक्के मारले, आम्ही पलीकडे जाऊन चहा प्यायलो आणि परत आलो. त्याच्या त्या बोलण्याची नोंदही वहीत नाही. इथे करते.

चौसष्टाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही तीन प्रवाळं आणली. एक हिरव्या बटणांचा झुपका. एक मांसल, अळंबीसारखं. एक बारीक हात असलेलं, ते हात उघडतात आणि मिटतात. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी तासभर थोडं थोडं मिसळलं, मग बाबानं बाही वर करून ती एक एक दगडावर ठेवली. संध्याकाळी पाचला तुम्हाला दाखवली तेव्हा ती मिटलेली होती.

"हा तर दगड आहे," धाकटा म्हणाला.

"नवीन आहेत. उद्यापर्यंत उघडतील," बाबानं सांगितलं.

ती उघडली नाहीत. सहासष्टाव्या दिवशी बारीक हातांचं प्रवाळ लोंबू लागलं. अडुसष्टाव्याला त्याचा राखाडी चिकट गोळा झाला आणि पाण्याला वास आला. बटणांवर पांढरी साय आली, अळंबी वितळली, उरलेल्या दोन गोगलगायीही गेल्या. मी रोज दोनदा टेस्ट केली. अमोनिया आला तो मेलेल्या प्रवाळाचा, ते बाहेर काढल्यावर गेला. बाबा सोफ्याची दिशा बदलून टाकीसमोर बसायचा. टीव्हीकडे बघायचा तसंच तिच्याकडे बघायचा.

एकाहत्तरावा दिवस, शनिवार, पाच वाजले. टाकीत दोन मासे फिरत होते आणि दगडावर काही नव्हतं. कॅमेरा तिकडे वळवावाच लागला.

थोरलीनं इंग्रजीत विचारलं, "लवकर घातलीस ना, बाबा?"

तुमची आई पडद्यात नव्हती, मागे कुठेतरी भांडी लावत होती. तिचा आवाज आला. "त्याला काय विचारतेस? उत्तर माहीत आहे."

मला वाटलं बाबा वही मागेल. मी वही उघडून एकेचाळिसाव्या दिवसाचं पान काढून ठेवलं होतं. भांड्यांचा आवाज थांबला.

"हो," तो म्हणाला. "लवकर घातली."

धाकटा म्हणाला, "इट्स ओके, बाबा." मी वही मिटली. कॉल संपल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?" तो म्हणाला, "काय फरक पडतो? त्यांना तेच वाटतंय." आणि टीव्ही लावला.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी, मंगळवारी, दुकानदार स्वतः घरी आला. दुपारी दुकान बंद असतं तेवढ्या वेळात. त्याला चैन पडत नव्हतं. "मावशी, तुमची वही मी बघितली होती. एवढं करून माल मरतो कसा, हे मला बघायचंय." बाबा ऑफिसात होता. दुकानदारानं टाकी चारी बाजूंनी बघितली, पाण्यात बोट घातलं, दगडांचा वास घेतला. त्याला काही सापडेना.

उन्हातून आलेला माणूस. मी त्याला हुफूफचा खजूर आणि पाणी दिलं. पाणी कळशीतून ओतून दिलं, त्याच्यासमोरच. अर्धा पेला पिऊन त्यानं कळशीकडे बघितलं.

"आमच्या घरी पण होती अशी. दादी भरून ठेवायची." तो पुढचा घोट घ्यायचा थांबला. पेला खाली ठेवला. "मावशी, टाकीत वरचं पाणी कशातून घालता?"

मी कळशीकडे हात केला.

"कधीपासून?"

मी वही उघडली. तिथे ते नव्हतं. तरी यंत्र बसवल्याचा शेरा होता. "बाराव्या दिवसापासून."

तो उठून खाली गेला आणि गाडीतून एक छोटी बाटली घेऊन आला. मासा आजारी पडला की ते त्याला वेगळ्या टाकीत तांब्याचं औषध देतात, ते मोजायची ही बाटली. नळीत आमच्या टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी हळूहळू निळं झालं.

"माशाला चालतं," तो म्हणाला. "माणसाला चालतं. गोगलगायीला आणि कोरलला विष. पाणी जितकं शुद्ध तितकं ते तांबं जास्त ओढतं, आणि तुम्ही चिंच लावून घासता, मग तर बघायलाच नको. पाणी उडून जातं, मावशी. तांबं नाही उडत. रोज थोडं थोडं साठत गेलं."

मी नळीकडे बघत होते. रंग सुरेख होता. मी पेन उचललं आणि लिहायला लागले, तर लिहायला रकाना नव्हता. पानाच्या बाहेर, समासात लिहिलं: तांबे, आहे.

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "साहेबांना सांगायचं नसेल तर मी बोलत नाही. दगड खराब निघाला म्हणतो. माझा दगड, माझी चूक. माझं काय जातंय?"

"दगड चांगला होता," मी म्हणाले.

"होता खरा."

वाळू आणि दगड फेकावे लागतील, असं त्यानं सांगितलं, तांबं त्यांत मुरतं. मासे तो दुकानात सांभाळायला घेऊन गेला. दारातून जाताना उरलेलं अर्धं पाणी मात्र पिऊन गेला. "तुमच्या कळशीवर माझा राग नाही हां, मावशी," म्हणाला.

साडेपाचला बाबा आला. बूट काढले. मी त्याला सोफ्यावर बसू दिलं नाही, जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं, वहीसकट. झाल्यावर म्हणाला, "बरं."

"मी शनिवारी मुलांना सांगणार आहे."

"नको."

"का नको?"

"राहू दे, आई. तुझ्यावर कशाला? माझ्याबद्दल त्यांचं ठरलेलं आहे. तुझ्याबद्दल नाहीये."

"मी खोटं लिहीत नाही असं ती म्हणाली होती."

"तू कुठे खोटं लिहिलंस?"

"मग गप्प बसले ते काय होतं?"

तो उठला, ओट्याशी गेला, कळशीतून तांब्याभर पाणी काढलं आणि लहानपणी प्यायचा तसं उभ्यानंच, तोंड न लावता प्यायला. मग तांब्या हातात धरून म्हणाला, "माणसाला चालतं ना हे?"

"चालतं."

"मग झालं," म्हणाला, आणि तांब्या पालथा घातला.

शनिवारी मी सांगू शकले नाही. तुम्ही दोघं शाळेच्या सहलीचं सांगत होतात, बाबा ऐकत होता, आणि मला मध्ये शिरता आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. बोलणं माझ्याच्यानं होत नाही हे मला कळलं, तेव्हा लिहायला घेतलं.

टाकी आम्ही पुसून काढली. नवे दगड, नवी वाळू. नव्या वहीत नऊ रकाने आहेत. वरचं पाणी आता झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात असतं, स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये नाही. आज एकोणिसावा दिवस. अमोनिया उतरतोय, नायट्राइट जांभळा आहे, तांबे शून्य. बाबा अजून ऑफिसातून विचारतो, "किती?" प्रवाळ केव्हा घालायचं हे त्यानं एकदाही विचारलेलं नाही. मीही काढलेलं नाही.

जुन्या वहीची पानं सोबत जोडते आहे, दिवस एक ते चौऱ्याहत्तर. प्रवाळं चौसष्टाव्या दिवशी घातली. नियमाप्रमाणे ती बासष्टाव्याला घालता आली असती. ती मेली ती माझ्यामुळे. बाबा थांबला होता.

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत स्वतःच वाचून संपवलं असतं. मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला ते आईकडून मोठ्यानं वाचून घ्यावं लागेल. तिनं एकेचाळिसावा दिवस दोनदा वाचला तरी चालेल.